घरात कोणीच नव्हतं

फोन वाजला तेव्हा यान्तिना वेल्डमन अंगणात सायकलची साखळी पुसत होती. आठ वाजायला वीस मिनिटं होती. मेप्पेलसारख्या लहान डच गावात इतक्या सकाळी फोन येतो तो कुणी गेल्याचा, नाहीतर हर्माचा.

"यान्तिना, बारा वाजता बोली बंद होणार आहे," हर्मा म्हणाली. "आणि माझाच माणूस मला विकतोय."

"कोण माणूस?"

"एग्बर्ट! माझा एजंट. पैसे माझ्याकडून घेतो आणि माझा आकडा दुसऱ्याच्या कानात सांगतो. पुरावा आहे माझ्याकडे. लगेच ये."

यान्तिनानं हात धुतले आणि निघाली. पस्तीस वर्षं तिनं गावच्या नोटरीच्या कचेरीत घरांचे कागद तयार केले होते. निवृत्त झाली, तरी लोक कागद घेऊन यायचे थांबले नाहीत. तिची बहीण म्हणायची, हिला दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसायची हौस आहे. यान्तिना त्याला चौकसपणा म्हणायची.

हर्मानं कॉफी ओतायच्या आधीच टेबलावर कागद आपटला.

हर्मा लुचिस सत्तावन्न वर्षांची. शाळेच्या मुलांची व्हॅन चालवणारी, आवाज खणखणीत, लग्न केलेलं नाही. घरात ती आणि तिचा भाऊ रूलोफ. रूलोफ एक्कावन्न वर्षांचा होता, पण समज आठ-नऊ वर्षांच्या पोराची. गावातल्या प्राण्यांच्या बागेत तो रोज सकाळी शेळ्यांना चारा घालायचा. बागेपर्यंत तो एकटा चालत जायचा. दोन रस्ते ओलांडायला शिकण्यात त्याची तीन वर्षं गेली होती.

आता घरमालकाला घर हवं होतं. एक सप्टेंबरला घर रिकामं करायचं. बागेजवळ दुसरं घर मिळालं तर ठीक. नाहीतर रूलोफला तीस किलोमीटरवरच्या संस्थेत ठेवावं लागणार होतं, कारण बसमध्ये तो एकटा बसला की घाबरून रडायचा. गोष्ट एवढीच होती, आणि हर्माची झोप उडवायला तेवढी पुरेशी होती.

"हे बघ," हर्मा म्हणाली. "मार्चमधलं मोलेनपाडचं घर. बंद बोली होती. कोणाचा आकडा कोणाला दिसत नाही, बाराला सगळं उघडतं. आठवतंय?"

"तू हरलीस. अडीचशे युरोंनी."

"अडीचशे! घराच्या किमतीत अडीचशे म्हणजे दाराची कडी. मी नशिबाला बोल लावला आणि गप्प बसले. काल मला बोलींची नोंद मिळाली. व्यवहार पुरा झाला की मागता येते ती. वाच."

यान्तिनानं चष्मा चढवला. नोंदीत नावं नव्हती, नुसती अक्षरं. अठरा मार्च, मंगळवार. 'ड' म्हणजे हर्मा. तिची बोली अकरा चाळीसला पोचली होती. 'ब'नं अकराच्या सुमारास एक आकडा दिला होता, तो बराच खालचा. मग अकरा एकोणपन्नासला 'ब'नं तो बदलला. हर्माच्या वर, नेमका अडीचशेनं.

"म्हणजे नऊ मिनिटांत कुणाला तरी तुझा आकडा कळला."

"कुणाला तरी कशाला? एग्बर्टनंच सांगितला!"

"थांब. आकडा ठरला कधी?"

"अकरा एकतीसला. इथंच, या टेबलावर. एग्बर्ट फोनवर होता, फोन स्पीकरवर. तो म्हणाला, इतकं म्हणा. मी म्हटलं, बरं. संपलं."

"तेव्हा घरात कोण होतं?"

"कोणी नाही. मी आणि रूलोफ."

"ते घर बघायला कोण कोण गेलं होतं?"

"मी, रूलोफ, एग्बर्ट. यान्तिना, तू मला का उलटतपासतेयस? तो खोटं बोलला माझ्याशी! पावणेबाराला मी त्याच्या ऑफिसात फोन केला, तर तिथली मुलगी म्हणाली, साहेब बाहेर आहेत. नंतर हा मला सांगतो, मी ऑफिसातच होतो. आणि त्याच दिवशी पोस्टातल्या बाईनं त्याला व्हान डालेनबाईच्या गाडीत बसताना पाहिलं. व्हान डालेन म्हणजे कोण? मोलेनपाड विकणारी एजंट! घेणाऱ्याचा एजंट विकणाऱ्याच्या एजंटच्या गाडीत!"

हे मात्र वाईट दिसत होतं. यान्तिनानं तसं बोलून दाखवलं.

"आज वेवरस्ट्राटवरचं घर आहे," हर्माचा आवाज खाली आला. "बागेपासून एकच रस्ता. खाली झोपायची खोली. याच्यानंतर सप्टेंबरच्या आत दुसरं नाही. एग्बर्ट सांगतोय, आकडा फार वाढवू नका, उलट किल्ली घ्यायची तारीख विकणाऱ्याला ठरवू द्या. त्याचं ऐकू? तो प्रामाणिक असेल तर ऐकायला हवं. नसेल तर तो मला दुसऱ्यांदा बुडवतोय. बाराच्या आत सांग."

रूलोफ टेबलाच्या टोकाला बसून लोणी लावलेल्या ब्रेडवर चॉकलेटचे दाणे पेरत होता. एकेक ओळ सरळ यायला हवी होती.

"मोलेनपाडला बाळ आलंय," तो म्हणाला. "गुलाबी. त्या बाईनं मला टोस्ट दिला. गोळ्या लावलेला."

"त्या घराचं नाव काढू नकोस," हर्मा म्हणाली.

"तिला माझा वाढदिवस माहीत आहे."

"रूलोफ, ब्रेड खा."

रूलोफनं ब्रेड खाल्ला. यान्तिना उठून खिडकीशी गेली. फ्रिजवर रूलोफचा आठवडा चित्रांत चिकटवलेला होता. सोमवारी शेळी आणि पोहण्याचा तलाव. मंगळवारी शेळी, पिवळं पातेलं, आंघोळीचा टब. बुधवारी शेळी आणि ढोल. आज मंगळवार होता.

"मी एग्बर्टकडे जाते," ती म्हणाली. "तू त्याला फोन करून शिव्या देऊ नकोस. निदान अकरापर्यंत."

एग्बर्ट सिक्केन्स उंच, इस्त्री केलेला माणूस होता. बोलायचाही इस्त्री केल्यासारखा.

"मी माझ्या अशिलाबद्दल बोलू शकत नाही, वेल्डमनबाई."

"नका बोलू. स्वतःबद्दल बोला. अठरा मार्चला पावणेबाराला तुम्ही कुठं होता?"

"इथं, ऑफिसात."

"नव्हता. तुमच्याच ऑफिसातल्या मुलीनं हर्माला सांगितलं."

"मग... एका अशिलाकडे."

"व्हान डालेनबाई तुमच्या अशील आहेत?"

एग्बर्टचे कान लाल झाले. त्यानं उठून केबिनचं दार लावलं, परत बसला आणि टेबलावरचं पेन सरळ केलं.

"मी घर बघायला गेलो होतो," तो म्हणाला. "माझ्यासाठी."

"तुमच्यासाठी?"

"दीड वर्षापूर्वी घटस्फोट झाला. घर तिच्याकडे राहिलं. मी सध्या भावाच्या गॅरेजवरच्या खोलीत राहतो. त्या दिवशी व्हान डालेनबाई मला एक फ्लॅट दाखवायला घेऊन गेल्या. हर्माबाईंची बोली मी जिन्यात उभा राहून फोनवरून टाकली."

"मिळाला फ्लॅट?"

"नाही. सहा वेळा बोली लावली मी आजवर. सहाही वेळा हरलो." तो पेनाकडे बघत म्हणाला, "लोकांना घर मिळवून देणं हा माझा धंदा आहे, बाई. मीच गॅरेजवर राहतो हे कळलं, तर कोण येईल माझ्याकडे?"

यान्तिनाला हसू आलं, ते तिनं खोकून दडवलं. बिचाऱ्याची लाज खरी होती. पण फोन त्याच्या हातात होता आणि विकणारी एजंट शेजारी उभी होती. लाजणारा माणूस निर्दोष असतो असं तिच्या पस्तीस वर्षांत कुठंच सिद्ध झालेलं नव्हतं.

"आजचा तो तारखेचा सल्ला. तो कुठून आला?"

"वेवरस्ट्राटच्या म्हाताऱ्याकडून. ते मुलीकडे राहायला जाणार आहेत, खोली अठ्ठावीस ऑगस्टला तयार होईल. बाकीच्या सगळ्यांना जुलैतच किल्ली हवी आहे."

"हे तुम्हाला त्यांनी आपणहून सांगितलं?"

"मी विचारलं. बाकीचे लोक स्वयंपाकघराची मापं घेत होते, मी त्यांच्याबरोबर कॉफी घेत बसलो. बायको गेल्यापासून कोणी त्यांच्याबरोबर कॉफी घेतली नव्हती."

बाहेर पडताना यान्तिना चिडली होती, ती स्वतःवरच. हा माणूस तिला आवडायला लागला होता आणि तपासात त्याचा काही उपयोग नव्हता.

दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. आकडा कुणी सांगितला हे कळत नसेल, तर तो कुणाला मिळाला तिथून सुरुवात करायची. तिनं कोपऱ्यावरच्या दुकानातून बाळाच्या मोज्यांचा एक जोड घेतला आणि सायकल मोलेनपाडकडे वळवली.

घर ओळखायला अडचण नव्हती. अंगणात, मुलगी झाल्याची खूण म्हणून, माणसाएवढा लाकडी करकोचा उभा होता, चोचीत गुलाबी गाठोडं. दार एका तिशीच्या मुलीनं उघडलं. केस विंचरलेले नव्हते आणि चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"मी रूलोफची मैत्रीण," यान्तिना म्हणाली. हे तर खरंच होतं. "तो म्हणाला, बाळ आलंय."

"शेळ्यांवाला रूलोफ? किती गोड माणूस आहे! या ना, या. मी मेरेल. पसाऱ्याकडे बघू नका."

पाच मिनिटांत यान्तिनाच्या हातात बाळ झाल्याचा टोस्ट होता, त्यावर लोणी आणि बडीशेपेच्या गुलाबी-पांढऱ्या गोळ्या. बाळ पाळण्यात झोपलं होतं. घराचं कौतुक करावं लागलं नाही. मेरेलनं स्वतःच सुरू केलं.

"चार वर्षं शोधत होतो आम्ही. माझ्या नवऱ्याच्या आईवडिलांच्या माळ्यावर राहत होतो. डोकं वर केलं की कौलाला लागायचं. त्यात मी गरोदर."

"तुमचा एजंट चांगला असणार."

"कुठला एजंट! फी परवडत नव्हती. माझी एजंट म्हणजे माझी आई. घर तिनंच आधी पाहून ठेवलं होतं. म्हणाली, डोळे मिटून घे, भिंती कोरड्या आहेत, छपराला दहा वर्षं बघायला नको."

"आईला बांधकामातलं कळतं?"

"आईला सगळं कळतं," मेरेल हसली. "आकडा पण तिनंच सांगितला. आमची बोली सकाळीच दिली होती. आणि बाराला पंधरा कमी असताना आईचा फोन. धापा टाकत होती. म्हणाली, वाढव, इतकी कर, मला आतून वाटतंय. मी म्हटलं, आई, वेडी झालीस का? तर ओरडलीच माझ्यावर. आणि बघा, मिळालं! अडीचशेचाच फरक होता म्हणे. आईचं काळीज, दुसरं काय."

यान्तिनानं टोस्ट बशीत ठेवला. या पोरीला काहीही माहीत नव्हतं. आईचं नाव विचारणं तोंडावर आलं होतं. पण आपण निघालो की मेरेल आईला फोन करून सांगणार, तुझ्याबद्दल विचारणारी एक बाई येऊन गेली. ते आत्ता परवडणारं नव्हतं.

"संडास कुठंय, बाळा?"

संडासात, बसल्यावर डोळ्यांसमोर येईल असं, वाढदिवसांचं कॅलेंडर टांगलेलं होतं. ते तर इथल्या प्रत्येक घरात असतं. वार नसतात, वर्षं नसतात, नुसत्या तारखा आणि नावं. नव्या घरात पडदे लागायच्या आधी हे लागतं. आणि पाहुण्यानं ते चाळलं तर त्यात गैर काही नाही. ते त्यासाठीच तिथं असतं.

यान्तिनानं जानेवारीपासून सुरुवात केली. सगळं एकाच गोल, टपोऱ्या अक्षरात लिहिलेलं होतं. प्रत्येक नावापुढे छोटासा केक काढलेला. फेब्रुवारीत एका तारखेपुढे नुसतं 'मी!' आणि हसरा चेहरा. एप्रिलमध्ये 'मेरेल'. मेमध्ये 'बेत्सी'. जूनमध्ये 'विम' आणि त्याच्या खाली 'हर्मा'.

ती थांबली. हर्मा नावाच्या बायका मेप्पेलमध्ये कमी नाहीत. पण तारीख यान्तिनाला पाठ होती. दहा दिवसांपूर्वीच ती त्या वाढदिवसाला जाऊन, गोल मांडलेल्या खुर्च्यांवर बसून केक खाऊन आली होती.

तिनं पानं उलटली. ऑक्टोबर. बावीस तारीख. 'रूलोफ', आणि केक इतरांपेक्षा मोठा.

यान्तिनानं पानं परत जूनवर आणली. बाहेरून मेरेलनं विचारलं, "बरं आहे ना?"

बागेत रूलोफ बादली धूत होता. अकराला वीस मिनिटं होती.

"रूलोफ, बेत्सी कोण?"

"बेत्सी चमचे फेकते."

"आणि विम?"

"विमकडे लाल हेल्मेट आहे. सायकल नाही. नुसतं हेल्मेट." रूलोफला त्याची मजा वाटली. "ते पण तिचे आहेत. आमच्यासारखे."

"कोणाचे?"

रूलोफनं नाव सांगितलं. यान्तिनानं डोळे मिटून घेतले.

"मोलेनपाडच्या घराची बोली होती, तो दिवस आठवतो तुला?"

"सूप उतू गेलं. शेगडी घाण झाली. मी नाही केलं. ती मागच्या अंगणात होती, फोनवर. मी हाक मारली, तरी आली नाही. हर्मा पुढच्या खोलीत रडत होती, अजून हरलो नव्हतो तरी. मला कोणी रागावलं नाही."

यान्तिनानं एग्बर्टला फोन लावला. "हर्माच्या घरी या. अकरा वाजून दहा मिनिटांनी. उशीर करू नका."

हर्माच्या स्वयंपाकघरात शेगडीवर पिवळं पातेलं होतं. दिनेके कांद्याची पात चिरत होती आणि नुकताच घरी आलेला रूलोफ गाजरं मोजत होता. दिनेके पन्नाशी उलटलेली, जाड विणीचा स्वेटर घालणारी, गडगडाटी हसणारी. रूलोफसारख्या माणसांना घरी जाऊन सांभाळणाऱ्या संस्थेची ती बाई. आठवड्यातून दोनदा, अकरा वर्षं ती या घरी येत होती. मंगळवारी सूप शिकवायची. रस्ता ओलांडायला तिनंच शिकवलं होतं, भर पावसात, बोट धरून, पुन्हा पुन्हा.

एग्बर्ट आल्याबरोबर हर्मा ताडकन उठली. "हा कशाला?"

"बस," यान्तिना म्हणाली. "यानं तुला विकलं नाही. तो ऑफिसात नव्हता हे खरं, पण स्वतःच्या खासगी कामाला गेला होता. ते मी तपासलंय."

"मग कोणी?"

"सकाळी मी तुला विचारलं, आकडा ठरला तेव्हा घरात कोण होतं. तू म्हणालीस, कोणी नाही. तो मंगळवार होता, हर्मा. मंगळवारी अकराला फ्रिजवर कशाचं चित्र असतं?"

हर्मानं फ्रिजकडे पाहिलं. मग शेगडीकडे. सुरीचा आवाज थांबला होता.

"घर बघायला कोण गेलं होतं? तू म्हणालीस, तिघं. रूलोफला तिथं वावरणं जमेल का, हे ठरवायला चौथं माणूस गेलं होतं ना?"

"दिनेके आली होती," हर्मा हळूच म्हणाली. "पण ती तर..."

"तिनं एग्बर्टचं सगळं ऐकलं. भिंती, छप्पर, किंमत. तुझ्या एजंटनं तुला दिलेला सल्ला तिनं जसाच्या तसा आपल्या मुलीला, मोलेनपाडच्या मेरेलला, पोचवला. मुलीची पहिली बोली कमी पडणार हे तिला अकरा एकतीसला कळलं, तू फोन स्पीकरवर ठेवलास तेव्हा. ती मागच्या अंगणात गेली. तिथून मुलीला फोन केला. सूप उतू गेलं, रूलोफनं हाक मारली, ती आली नाही. अकरा एकोणपन्नासला मुलीनं बोली बदलली."

"दिनेकेच्या मुलीचं आडनाव तरी कुणाला माहीत आहे इथं!" एग्बर्ट पुटपुटला.

"मलाही नव्हतं. पण मेरेलच्या संडासात कॅलेंडर आहे. ते मेरेलनं लिहिलेलं नाही. मेरेलचं नाव त्यात इतरांसारखंच आहे, आणि फेब्रुवारीत लिहिणारीनं स्वतःपुढे 'मी' लिहिलंय. लेकीच्या नव्या घरासाठी आईनं आपल्या कॅलेंडरवरून सगळे वाढदिवस उतरवून दिले. आपल्या सगळ्या माणसांचे. त्यात बेत्सी आहे, विम आहे. दिनेके ज्यांना सांभाळते ते सगळे. रूलोफ आहे." यान्तिनाला पुढचं बोलणं जड गेलं. "आणि तूही आहेस, हर्मा. पुढे केक काढलाय."

पातेल्याखालचा गॅस चालूच होता.

"खोटं आहे म्हण," हर्मा म्हणाली. "दिनेके. नुसतं म्हण. मी ऐकेन."

दिनेकेनं सुरी खाली ठेवली. "मेरेलला सातवा महिना होता," ती म्हणाली. "माळ्यावर गारठा होता. चार वर्षं, हर्मा. अकरा घरं हातची गेली. माझ्या पगारात तिला एजंट करून देणं मला जमलं नाही. तुझ्याकडे एक होता. तुला दुसरं घर मिळालं असतं."

"रूलोफला मिळालं असतं? त्याला किती रस्ते ओलांडता येतात, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत होतं?"

"माहीत होतं."

"माहीत होतं! त्या रात्री मी तुझ्याच गळ्यात पडून रडले. तू मला चहा करून दिलास. केसानं गळा कापलास माझा आणि वर चहा दिलास!"

"काय करायला हवं होतं मी? चहा द्यायचा नव्हता?" दिनेकेचा आवाज चिरकला. "अकरा वर्षं येते मी या घरात. तुझ्या भावाचे पाय धुते, नखं कापते. आणि कोणी विचारलं, घरात कोण होतं, तर तू सांगतेस, कोणी नाही."

तो घाव हर्माला नेमका लागला होता.

"ते माझं चुकलं," ती म्हणाली. "तुला मी घरचीच धरत होते, म्हणून मोजलं नाही. आता मोजते. स्वेटरची बटणं लाव आणि नीघ. तुझ्या संस्थेला मी आजच फोन करणार आहे. मेरेलचं घर तिला राहू दे, त्या पोरीनं काही केलेलं नाही. पण तू या दारात पुन्हा यायचं नाहीस."

दिनेकेनं एप्रन काढून खुर्चीवर नीट घडी करून ठेवला. रूलोफकडे पाहिलं. रूलोफ गाजरं मोजता मोजता चुकला होता, म्हणून पुन्हा पहिल्यापासून मोजत होता.

"सूप अजून झालं नाही," तो म्हणाला.

दार लागलं. अकरा वाजून अडतीस मिनिटं झाली होती.

"हर्माबाई," एग्बर्ट घसा साफ करत म्हणाला, "आकडा?"

हर्मानं त्याच्याकडे पाहिलं. सकाळपासून तिनं या माणसाला मनात काय काय म्हटलं होतं ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"मी तुम्हाला चोर समजत होते."

"समजू शकतो. मी खोटं बोललो होतो."

"तुम्ही म्हणता तोच आकडा. आणि तारीख म्हाताऱ्यांना ठरवू द्या. तज्ज्ञाकडून घर तपासून घ्यायची अट?"

"ती ठेवा. ती सोडायला मी तुम्हाला कधीच सांगणार नाही."

त्यानं तिथंच टेबलाशी बसून बोली टाकली. यान्तिनानं गॅस बंद केला.

साडेचारला एग्बर्टचा फोन आला. वेवरस्ट्राटच्या म्हाताऱ्यांनी सगळ्यात मोठा आकडा बाजूला ठेवला होता. त्यांना म्हणे, सामान आवरायला ऑगस्ट देणारी बाई हवी होती. घर हर्माला मिळालं.

हर्मानं फोन ठेवला. यान्तिनाला वाटलं ती ओरडेल, नाचेल, निदान रूलोफला मिठी मारेल. ती नुसती उभी राहिली.

"आपल्याला घर मिळालं, रूलोफ. एकच रस्ता ओलांडायचा."

"शुक्रवारी दिनेकेला दाखवू."

"दिनेके येणार नाही आता."

"का?"

"तिनं वाईट केलं आपलं. फार वाईट."

रूलोफनं विचार केला. "मग ती सॉरी म्हणाली का?"

हर्मा उत्तर द्यायला गेली आणि अडली. दिनेके काय काय म्हणाली होती ते तिनं आठवून पाहिलं. माळा म्हणाली. गारठा म्हणाली. पगार, पोटुशी लेक, अकरा वर्षं, सगळं म्हणाली.

"नाही," हर्मा म्हणाली. "नाही म्हणाली."

"विसरली असेल," रूलोफ म्हणाला. "तिनंच मला शिकवलंय. आधी ते म्हणायचं असतं."

हर्मा तेव्हा रडली, दिवसभरात पहिल्यांदा, सिंकला धरून.